तोंडावर हात

बॅगा भरायच्या आधी आमच्या घरात सासऱ्यांचं तोंड कसं बंद ठेवायचं याची तयारी सुरू झाली. बाकी सगळं त्या मानाने सोपं होतं. गाडी माझी, चालवणारी मी, रस्ता चौदाशे साठ किलोमीटरचा. मुक्काम दोन आणि पोचायला अडीच दिवस. त्यांना जिच्याकडे पोचवायचं होतं ती नणंद देशाच्या दुसऱ्या टोकाला समुद्राकाठी राहते. तिच्याकडचं मतदान आधीच्या टप्प्यात उरकलं होतं आणि लोक आपापल्या कामाला लागले होते. आमच्याकडे अजून नऊ दिवस बाकी होते.

सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणतात. नोकरी त्यांनी पोस्टात केली, पण शहरात त्यांची ओळख होती ती भोंगा म्हणून. छत्री चिन्हाच्या पक्षाचा प्रचार करणाऱ्या जीपवर दोन कर्णे बांधलेले असत आणि आत माइक धरून अण्णा. अशा नऊ निवडणुका त्यांनी काढल्या. 'डोक्यावर छत्री, मनात खात्री' ही घोषणा त्यांचीच, आणि ती त्यांनी एवढ्या वेळा दिली होती की आमच्या लग्नात मंगलाष्टकं संपल्यावर कुणीतरी ती थट्टेने म्हटली तर अर्ध्या मांडवाने साथ दिली. "बोलणाऱ्याची माती विकली जाते, न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं," असं अण्णा म्हणायचे. त्यांची माती तीस-पस्तीस वर्षं छान खपली.

आता ते एकोणऐंशीचे आहेत आणि तीन वर्षांपासून विसरतात. जेवलो की नाही हे विसरतात, सासूबाई गेल्या हे विसरतात, मला कधी सूनबाई म्हणतात तर कधी पोस्टातली कुणी मॅडम समजून रजेचा अर्ज देतात. पण भाषणातला एक शब्द विसरत नाहीत. खालून मिरवणूक गेली, नुसता ढोल वाजला, चारसहा माणसं मोठ्याने बोलत गेली, की अण्णा खुर्चीतून उठतात, मूठ माइकसारखी तोंडासमोर धरतात आणि सुरू होतात. "मतदार बंधू-भगिनींनो, आपल्या हक्काचा, आपल्या विश्वासाचा..." आवाज अजून खणखणीत. रस्त्यापलीकडच्या दवाखान्यात सुद्धा ऐकू जातो.

एरवी आम्ही हसून सोडून दिलं असतं. पण या वेळचं वारं निराळं होतं. छत्रीवाले पंधरा वर्षं सत्तेत होते आणि आमच्या भागात आता त्यांचं नाव काढायची सोय राहिली नव्हती. नदीच्या अलीकडे सगळे किल्लीवाले. भिंती, दुकानं, दुधाच्या गाड्या, सगळीकडे किल्लीच किल्ली. आठवड्यापूर्वी मागच्या गल्लीतल्या प्रचारकाला, तोही छत्रीचाच, जीपमधून ओढून काढलं. पैसे घेतले नाहीत, घड्याळ घेतलं नाही. फक्त पुढचे दात पाडले. एकाने डोकं धरलं आणि दुसऱ्याने पाडले, असं त्याच्या बायकोने मला सांगितलं. ती माझ्याकडे गाडी शिकली होती. तिचं ऐकून मी घरी आले आणि अण्णांच्या खोलीची खिडकी लावून घेतली.

अण्णांचे दात अजून त्यांचे स्वतःचे आहेत. ते हसले की मला त्या प्रचारकाचं तोंड दिसायचं.

नवरा पाणीपुरवठा खात्यात लेखनिक. त्याला निवडणुकीची ड्यूटी लागली होती. वडिलांना पोचवून येतो म्हणून रजा मागायला गेला तर साहेब म्हणाले, "वडिलांना म्हणावं, आजारी पडायचं तर मतदान झाल्यावर पडा." म्हणजे जायचं मलाच. ट्रेनचा विचारसुद्धा केला नाही. डबाभर माणसं, त्यात निवडणुकीच्या गप्पा, आणि अण्णांच्या हातात नसलेला माइक. म्हणून गाडी.

मी ड्रायव्हिंग शिकवते. आमचं ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे एक गाडी आणि एक मी. गाडीला पायांखाली दोन ठिकाणी ब्रेक, शिकणाऱ्याच्या बाजूला एक आणि माझ्या बाजूला एक, म्हणून पोरंपोरी मागून मला ब्रेकबाई म्हणतात. त्याचा मला राग येत नाही. राग मला भरपूर येतो, पण गाडीत नाही. वीस वर्षांत एकाही शिकाऊ माणसावर मी ओरडलेली नाही. माझी पद्धत एकच, तेच ते पुन्हा करून घ्यायचं. चढावर गाडी थांबवायची, परत उचलायची, परत थांबवायची. चाळीस वेळा, पन्नास वेळा. एकदा पाय शिकला की डोकं लागत नाही.

अण्णांचं डोकं कामाचं राहिलं नव्हतं. मग म्हटलं, हात शिकवू.

मिस्त्रीकडून माझ्या बाजूचा ब्रेक काढून घेतला, कारण अण्णा तिथे बसणार होते. त्यांना मागे बसवलं असतं तर दोन्हीकडच्या काचा त्यांच्या हाताशी आल्या असत्या. पुढे माझ्या शेजारी असले की माझा हात पोचतो. मिस्त्री म्हणाला, "ताई, छपरावरचा शिकाऊचा बोर्ड राहू द्या. शिकाऊ गाडीच्या नादी कोणी लागत नाही." त्याचं खरं होतं. बोर्ड राहू दिला.

मग घरात चार खुर्च्या मांडल्या, दोन पुढे, दोन मागे. मी उजवीकडच्या खुर्चीत स्टीअरिंगच्या जागी ताट धरून बसले. अण्णा शेजारी. नवऱ्याला सांगितलं, तू बाहेरचा माणूस. काचेवर टकटक करायचं आणि दरडावून विचारायचं, कोण तुम्ही, कुठे चाललात. टकटक झाली की अण्णांनी उजवा हात तोंडावर ठेवायचा. बास. एवढंच शिकायचं.

पहिल्या दिवशी नवऱ्याने टेबलावर टकटक केली आणि अण्णांनी मूठ वर करून पूर्ण भाषण दिलं, उमेदवाराच्या नावासकट. तो उमेदवार वारून बारा वर्षं झाली. नवरा हसत सुटला. मीही हसले. अण्णांना वाटलं सभा रंगली, म्हणून त्यांनी परत सुरुवात केली.

"अण्णा, हात," मी म्हणत होते आणि त्यांचा हात धरून ओठांवर ठेवत होते. ठेवला की तेवढ्यापुरता राहायचा. सोडला की खाली. तीन दिवसांत शंभर वेळा तरी केलं असेल. मध्येच ते विचारायचे, "मॅडम, हे कशासाठी?" मी सांगायचे, प्रवासाला जायचंय. "मग त्यात गप्प कशाला बसायचं? प्रवासात तर गप्पा मारायच्या असतात," असं म्हणून ते माझ्याकडे असे बघायचे की जणू वेडी मीच आहे.

चौथ्या दिवशी दुपारी मी स्वयंपाकघरात रस्त्यासाठी गोळ्या, थर्मास, त्यांचे जादा कपडे वेगळे काढत होते. किल्लीवाल्यांची मिरवणूक आमच्या खालून निघाली. मी धावले, पण अण्णा गॅलरीत पोचले होते. कठड्याला पोट लावून, मूठ तोंडासमोर धरून, "डोक्यावर छत्री, मनात खात्री."

ढोल थांबला. खाली शेदोनशे माणसं होती आणि सगळ्यांनी मान वर केली. कुणी शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं. कुणी काहीच बोललं नाही. पांढऱ्या शर्टातल्या एकाने मोबाईल वर धरला, आमच्या गॅलरीचा फोटो काढला, मग पुढे येऊन बिल्डिंगच्या नावाच्या पाटीचा काढला आणि चालू लागला. ढोल परत वाजायला लागला.

मी अण्णांना आत ओढलं. दार लावलं, कडी घातली. माझ्या डोक्यात नुसती आग होती. मी त्यांना खुर्चीत बसवलं, दोन्ही खांदे धरले आणि ओरडले. वीस वर्षांचं सगळं ओरडणं त्या एका दुपारी बाहेर पडलं असेल. "दात पाडतील तुमचे. ऐकताय का? डोकं धरून दात पाडतील. आणि त्यांनी नाही पाडले तर मी तुम्हाला गाडीतून खाली उतरवीन. रस्त्यात सोडून निघून जाईन. तोंड उघडलंत तर बघा." असं बरंच बोलले. मी त्यांना गदागदा हलवतही होते. त्यांची कवळी असती तर माझ्याच हातून पडली असती.

अण्णा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी हळूच उजवा हात उचलला आणि तोंडावर ठेवला.

खोटं का बोलू, मला आनंद झाला. चढावर पहिल्यांदा गाडी न घरंगळता उचलली की जो होतो तो. मी लगेच टेबलावर टकटक केली. हात तोंडावर. परत टकटक. परत हात. संध्याकाळी नवरा आला, त्याच्याकडून करून घेतलं. हात तोंडावर, आणि आत चिडीचूप. नवरा म्हणाला, "तू खरंच ग्रेट आहेस." मी त्याला मधलं काही सांगितलं नाही.

पुढचे दिवस धावपळीत गेले. पोस्टाच्या जुन्या थैलीत अण्णांचे कागद, औषधाची चिठ्ठी, ओळखपत्र. स्टेपनीत हवा भरली. रस्ता तीनदा बदलला, कारण रोज कुठून तरी बातमी यायची, इथे टायर जाळले, तिथे पूल अडवला. नवरा नकाशावर बोट फिरवायचा आणि मी म्हणायचे, तिथून नको. रात्री बिल्डिंगखाली एखादी मोटारसायकल थांबली की आम्ही दोघेही बोलणं थांबवायचो. फोटो काढणारा परत आला नाही. आला नाही म्हणून जास्त भीती वाटायची.

आणि अण्णा गप्प झाले होते. दूधवाल्याने दार वाजवलं की हात तोंडावर. कुकरची शिट्टी झाली की हात तोंडावर. मी चहा घेऊन खोलीत गेले की हात तोंडावर, आणि मी कप ठेवून बाहेर येईपर्यंत तिथेच. रजेचा अर्ज द्यायचे बंद झाले. मला मॅडम म्हणायचे बंद झाले. मला हे दिसत होतं. दिसत नव्हतं असं म्हणणार नाही. मी मनाशी म्हणायचे, एकदा पोचू दे, सुटेल सवय. नणंदेच्या अंगणात बसून खुशाल भाषणं ठोकू देत.

शुक्रवारी सकाळी सहाला निघालो. नवऱ्याने वडिलांच्या पायाला हात लावला आणि म्हणाला, "अण्णा, येतो चार दिवसांनी." अण्णांनी मान हलवली. नवरा गाडीच्या मागे कोपऱ्यापर्यंत चालत आला.

शहर ओलांडायचं तर एकच पूल आहे. पुलाच्या तोंडाशी पत्र्याची पिंपं आडवी टाकून रस्ता अडवलेला आणि पन्नासेक पोरं उभी. गळ्यात किल्लीचे पट्टे. माझ्या पुढे चार गाड्या होत्या. परतायला जागा नव्हती, मागे ट्रक लागला होता. मी काच थोडी खाली करून ऐकलं. ते प्रत्येक गाडीतल्या प्रत्येकाकडून घोषणा वदवून घेत होते. "किल्ली फिरणार, दार उघडणार." म्हटली की पिंप सरकवायचे. सगळे म्हणत होते. पुढच्या गाडीतल्या बाईने कडेवरच्या मुलीकडूनसुद्धा म्हणवून घेतली आणि पोरं खूश होऊन हसली.

आठ दिवस मी या माणसाला गप्प बसायला शिकवलं होतं, आणि इथे बोलायचं होतं.

टकटक झाली. अण्णांचा हात तोंडावर गेला.

मी काच पूर्ण खाली केली आणि कुणी विचारायच्या आत घोषणा दिली. मोठ्याने दिली. एक जण म्हणाला, "वा मावशी. आता आजोबा."

"त्यांना बोलता येत नाही," मी म्हणाले. "आजारी आहेत. दवाखान्यात चाललोय."

"कुठल्या दवाखान्यात?"

मला एकाही दवाखान्याचं नाव आठवेना. तेवढ्यात मागून एक वयस्कर माणूस पुढे आला. किल्लीचा पट्टा त्याच्याही गळ्यात होता. तो वाकला आणि अण्णांकडे निरखून बघायला लागला. "थांबा रे. हा तो छत्रीचा भोंगा वाटतो."

पोरं गाडीभोवती जमली. कुणीतरी छपरावर थाप मारली. अण्णांच्या बाजूचं दार बाहेरून उघडलं गेलं. मी त्यांचा डावा हात घट्ट धरला. माझ्या डोळ्यांसमोर दातच येत होते, अण्णांचे दात, एकेक.

"बोलवून बघा," तो वयस्कर माणूस म्हणाला. "आवाज काढला की सांगतो. तो आवाज मी झोपेतही ओळखीन."

"म्हणा आजोबा. किल्ली फिरणार."

अण्णा गप्प.

"किल्लीची नको तर छत्रीची म्हणा. म्हणा, डोक्यावर छत्री." पोरगा हसत होता, पण हसणं बरं नव्हतं. तो थांबला. सगळे थांबले. गेली पस्तीस वर्षं ही ओळ कुणी अर्धी सोडली आणि अण्णांनी पुरी केली नाही असं झालं नव्हतं.

अण्णा गप्प. हात तोंडावर तसाच. मग त्या पोराने त्यांचं मनगट पकडलं आणि हात तोंडावरून ओढून काढला. खाली ओठ एवढे आवळलेले होते की पांढरे पडले होते. हनुवटी थरथरत होती. डोळ्यांतून पाणी गालावर आलं आणि पँट ओली झाली. पोराने मनगट सोडलं. हात परत तोंडावर गेला.

वयस्कर माणूस सरळ उभा राहिला. "सोडा रे. हा तो नव्हे," तो म्हणाला. "तो म्हातारा वेगळा. एकदा आम्ही त्याच्या जीपवर दगड मारत होतो तर तो माइकवरून आम्हालाच सांगत होता, पोरांनो, नेम सुधारा. तो कुणाच्या बापाला घाबरणारा नव्हता."

त्याने स्वतःच दार लावलं, अगदी हळू. पिंप सरकलं.

पूल ओलांडला, टोलनाका मागे पडला, शेतं लागली. मी वीस किलोमीटर थांबले नाही. मग एका मोकळ्या जागी गाडी बाजूला घेतली. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. मी त्यांचे कपडे बदलले, पुसून घेतलं, ओली पँट पिशवीत बांधली. नवऱ्याचा फोन आला.

"पूल झाला?"

"झाला."

"अण्णा बोलले का काही?"

"नाही. एक शब्द नाही."

"सुटलो," तो म्हणाला आणि त्याचा आवाज भरून आला. "तू शिकवलंस म्हणून. नाहीतर आज..."

मी फोन ठेवला. तो म्हणाला ते खरंच होतं. अण्णा बोलले असते तर आत्ता मी कुठल्यातरी दवाखान्यात त्यांचं तोंड धरून बसले असते. दात शाबूत होते. मी ज्यासाठी निघाले ते झालं होतं, आणि मला रडू आवरेना.

"अण्णा, संपलं सगळं," मी म्हणाले. "हात काढा. आता बोला काय हवं ते. इथे कोणी नाही."

त्यांनी मान वळवून खरंच बघितलं. मागच्या सीटकडे, शेताकडे, रिकाम्या रस्त्याकडे. मग माझ्याकडे बघितलं आणि हात आणखी घट्ट दाबला. पुलावर ती पन्नास पोरं भोवती होती तेव्हाही ते त्यांच्याकडे बघत नव्हते. सगळा वेळ त्यांचे डोळे माझ्यावर होते. मला तेव्हा वाटलं होतं, आधारासाठी बघतात.

"मी ओरडणार नाही, अण्णा. कधीच नाही ओरडणार. चुकलं माझं."

काही नाही. मी थर्मासमधलं पाणी पेल्यात ओतलं आणि पुढे धरलं. घसा सुकला असणार, पहाटेपासून एक घोट गेला नव्हता. त्यांनी पेल्याकडे बघितलं, पण हात काही निघेना. मी बराच वेळ पेला तसाच धरून बसले. शेवटी तो त्यांच्या डाव्या हातात दिला, दार उघडून खाली उतरले आणि गाडीकडे पाठ करून उभी राहिले.

मग ते पाणी प्यायले.